चालेल

डंडीत समुद्रावरून जे धुकं येतं
त्याला इथले लोक ‘हार’ म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, कुणाची? की कुणाला?
आता नाही वाटत. खिडकी लावून घेते
आणि मसुदा उघडते.

आमच्या मसुद्यात क्रियापदं मोजून तीन.
पाहिजे. असावं. चालेल.
‘पाहिजे’ लिहिलं की जगातल्या प्रत्येक ब्राउझरला ते करणं आलं.
‘असावं’ म्हणजे, जमलं तर बघा.
‘चालेल’वर कुणीच भांडत नाही.
ताईच्या लग्नात बाबांनी आमंत्रणांच्या यादीत
नावडत्या नातेवाइकांपुढे तेच लिहिलं होतं:
आले तर चालेल.

अठरा महिने आम्ही एका ‘चालेल’वर अडून होतो.
ज्याला पान हललेलं नको,
त्याच्यासाठी पान स्थिर ठेवलं तरी चालेल.
कॅलिफोर्नियाचे म्हणायचे, पण मागणी किती आहे याला?
मी इतिवृत्तात उतरवायचे: मागणी किती?

आर्ब्रोथला, आगगाडीनं वीस मिनिटांवर,
स्ट्रुअन पेट्री मासेमारी बोटींचं वायरिंग करायचा.
त्याच्या आयलीला कानाच्या आत काहीतरी होतं.
पडद्यावर चित्र सरकलं की तिच्या पायाखालची जमीन सरकायची.
शाळेचा अभ्यास, शेजारी बादली.
त्यानं रात्री जागून एक प्लगिन लिहिलं,
जे हलेल त्याला एकच सांगणारं: थांब.
मी वाचलाय तो कोड.
वायर उघडी तिथं टेप,
टेप पुरेना तिथं आणखी टेप.

पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी घेतलं.
नाताळपर्यंत चार हजार.
चार लाख झाले तेव्हा मोठ्या दुकानांची पानं गळपटली,
कारण त्यांचं ‘विकत घ्या’ हे बटण
उडी मारतच पडद्यावर यायचं.
आता उडीच नाही. म्हणजे बटणही नाही.
मग कॅलिफोर्नियानं विचारलं,
ते वाक्य कुठं ठेवलंय आपलं?

प्लगिनांवरचा आमचा राग जुना आहे.
आधीची काही ओसरी मागत आली
आणि घरमालकाकडूनच भाडं घेऊ लागली.
त्यांना बाहेर काढलं तेव्हा बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं,
खेळ, कार्टून, कुणीतरी कुणासाठी केलेली
हलत्या फुलांची वाढदिवसाची चिठ्ठी.
प्रत्येकाच्या जागी करडा चौकोन.
म्हणून पेट्रीला लिहिलेलं माझं पत्र जरा ताठच होतं.
त्याचं उत्तर दोन ओळींचं:
मी फक्त ठिगळ लावलं.
कापड तुमचं आहे.

फेब्रुवारीत तो बैठकीला आला,
तेलकट हातमोजे टेबलावर.
अध्यक्षबाईंनी विचारलं, वापराचं एखादं उदाहरण?
तो म्हणाला, माझी मुलगी ओकते.
मी तसंच लिहिलं. उदाहरण एक: मुलगी ओकते.
पुढच्या मसुद्यात कुणीतरी ते सुधारलं:
काही वापरकर्त्यांना अस्वस्थता जाणवू शकते.

पण ‘चालेल’ खोडलं गेलं.
मी माझ्या हातानं ‘पाहिजे’ टाइप केलं
आणि उगाचच दोनदा सेव्ह केलं.

नवे ब्राउझर आले. एका मंगळवारी
पेट्रीनं प्लगिन काढून टाकलं.
चार लाखांपैकी एकानंही विचारलं नाही, कुठं गेलं?
म्हणजे आमचं काम नीट झालं होतं.
मसुद्याच्या शेवटी आभारांत बावीस नावं आहेत.
त्याचं नाही. मीच यादी केली होती,
आणि कुठल्या संस्थेपुढे लिहायचं ते सुचलं नव्हतं.

हे सांगायला आर्ब्रोथला गेले.
बंदरावर हार उतरला होता,
बोटींच्या फक्त दोऱ्या दिसत होत्या.
आयली खिडकीपाशी फोनवर काहीतरी वाचत बसलेली,
बादली बाहेर, तिच्यात कांद्याची पात लावलेली.
मी नावाचं सांगितलं.
पेट्रीनं खांदे उडवले, किटली ठेवली,
म्हणाला, दूध संपलंय.

चालेल, म्हणाले मी.
मराठीतच निघून गेलं तोंडातून.
त्यानं कोरा चहा ओतला.